चूल आपली, गल्ला कुणाचा?

आज बोलायचे आहे नाशिक शहराच्या खाण्याविषयी. खाण्याचा विषय निघाला की पाककृती येणार असे वाटते, पण आज मसाल्याचे प्रमाण सांगणार नाही. शहर वाढते आहे, शहराच्या कडेकडेने हॉटेले वाढत आहेत, आणि तिथे विकले जाणारे बरेचसे जेवण आपल्याच घरातले आहे. मग या वाढीत आपल्या गटांचा वाटा किती आणि तो वाढवायचा कसा, ते समजून घेऊ.

आम्ही गटाच्या बाया गिरणारे भागातल्या. भाजी, दूध, दवाखाना, मुलांचे कॉलेज, सगळ्याला नाशिकच लागते. त्यामुळे या शहराविषयी आमचेही काही मत आहे.

शहर वाढले, ताट बदलले

नाशिक मुळात तीर्थाचे गाव. पंचवटी आणि रामकुंडावर येणाऱ्या यात्रेकरूंची सोय धर्मशाळा करायच्या. घरी जाताना लोक चिवडा बांधून न्यायचे. मग नाशिकरोडला नोटांचा आणि मुद्रांकांचा छापखाना आला, ओझरला विमानांचा कारखाना आला, सातपूर आणि अंबडला एमआयडीसी झाली. पाळीवर जाणाऱ्या कामगाराला सकाळी सहाला काहीतरी गरम आणि स्वस्त हवे असते. वडापाव, मिसळ आणि खानावळी अशा गिऱ्हाइकावरच वाढल्या. 1982 मध्ये महानगरपालिका झाली आणि आजूबाजूची गावे शहरात गेली. जनगणनेत 2001 साली शहराची लोकसंख्या 10 लाख 77 हजार होती, 2011 मध्ये 14 लाख 86 हजार. दहा वर्षांत चार लाख तोंडे वाढली.

आता तिसरे गिऱ्हाईक आले आहे. हे गिऱ्हाईक भूक लागली म्हणून येत नाही, रविवार आहे म्हणून येते. गाडी काढायची, मखमलाबाद किंवा गंगापूर रस्त्याने बाहेर पडायचे, झाडाखाली बसून चुलीवरची मिसळ खायची, मुलांना झोक्यावर बसवायचे आणि फोटो काढायचे. मुंबई-पुण्याहूनही लोक येतात. मटकीची उसळ, काळ्या मसाल्याचा रस्सा, सोबत पापड आणि दही. दुपारी नागलीची भाकरी, पिठले, ठेचा, खुरासणीची चटणी. ही यादी वाचली की आपल्याला हसू येते. कारण कालपर्यंत हेच जेवण डब्यात नेताना आपली मुले झाकण उघडायला लाजत होती.

चांगले काय झाले, तेही सांगू. कोथिंबीर, मिरची, टोमॅटो थेट हॉटेलात देता येऊ लागले. बायांना गावाजवळ काम मिळाले. नागलीला मान आला. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून शहरातली माणसे नागली विचारून घेतात. 100 ग्रॅम नागलीत 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असते, हे आता त्यांनाही ठाऊक आहे.

खटकते ते असे. काही घरांनी रस्त्याकडेची जमीन विकली, तिथे हॉटेल झाले, आणि त्याच घरातली सून आता तिथल्या चुलीपुढे रोजाने भाकरी थापते. गिऱ्हाइकाला चुलीचा धूर हौसेचा वाटतो. ते तासभर बसते आणि जाते. आपली बाई त्या धुरात आठ-दहा तास असते. धूर बाहेर जायला वर धुराडे नाही, संध्याकाळी परतायला एसटी नाही, बायांसाठी वेगळे स्वच्छतागृह असेलच असे नाही. शहराचा विकास मोजताना हॉटेलांबरोबर या तीन गोष्टीही मोजायला हव्यात.

एका भाकरीचा हिशेब

केंद्र सरकारने 2025-26 साठी नागलीचा हमीभाव क्विंटलला 4,886 रुपये ठरवला. म्हणजे किलोला साधारण 49 रुपये. दळणाचे 6 रुपये धरले तर पीठ 55 रुपये किलो पडते. एका किलोत मध्यम आकाराच्या 10 भाकरी धरा. एका भाकरीचे पीठ साडेपाच रुपयांचे झाले. हॉटेलात ती भाकरी 30 रुपयांना विकली, तर मधले साडेचोवीस रुपये कुठे गेले?

ते सगळे मालकाच्या खिशात गेले असे म्हणणे बरोबर नाही. जागेचे भाडे किंवा कर्जाचा हप्ता, सरपण, वीज, पाणी, भांडी घासणारीची मजुरी, न विकलेले जेवण, हे सगळे त्यातूनच निघते. तरीही एक गोष्ट दिसतेच. धान्य पिकवणारी आणि भाकरी थापणारी यांच्याकडे जे येते ते बांधलेले असते. गिऱ्हाईक वाढले तरी रोज तेवढाच. वाढलेला पैसा जातो तो ज्याच्या हाती जागा, परवाना आणि गल्ला आहे त्याच्याकडे. म्हणून आपण विचार करायचा तो या तीन गोष्टींचा.

तीन वाटा

पहिली वाट आहे माल पुरवण्याची. पापड, काळा मसाला, नागलीचे पीठ, खुरासणीची चटणी, हातसडीचा तांदूळ. यात धोका कमी. फक्त उधारी सांभाळायची. दर आठवड्याला पैसे, आणि मागचे मिळाल्याशिवाय पुढचा माल नाही, हा नियम पहिल्याच दिवशी तोंडी नाही तर लिहून ठरवा. एकाच हॉटेलवर अवलंबून राहू नका. ते बंद पडले की आपणही बसलो.

दुसरी वाट आहे गाडी किंवा स्टॉल. तिसरी म्हणजे गटाची खानावळ किंवा डबे. या दोन्हींत कष्ट जास्त, पण गल्ला आपला. इथे हिशेब नीट करा. उदाहरणासाठी आकडे घेऊ. चार जणी मिळून पिठले-भाकरीच्या 50 थाळ्या 80 रुपयांना विकतात. जमा 4,000 रुपये. सामान 1,500, सरपण-गॅस 300, येणे-जाणे 300, पत्रावळी आणि पाणी 150, वाया गेलेले 150. खर्च 2,400. राहिले 1,600, म्हणजे प्रत्येकीला 400. हॉटेलातला रोजही 400 असेल, तर हा नफा नाही, ही आपलीच मजुरी. थाळ्या 70 झाल्या तर जमा 5,600. सामान, सरपण, पत्रावळी थोडे वाढून खर्च 3,200 धरा. राहिले 2,400. त्यातून चौघींची मजुरी 1,600 काढली की 800 रुपये गटाचे. म्हणून आधी आपली मजुरी खर्चात लिहायची, मग जे उरेल त्याला नफा म्हणायचे. पुष्कळ गट मजुरी लिहीतच नाहीत, आणि वर्षभर राबून धंदा चालला असे समजतात.

कागद कोणते लागतात

खाण्याचा कोणताही धंदा करायचा तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी हवी. हा कायदा 2006 चा. 2011 च्या नियमांत वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या धंद्याला परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरते असे ठरले, आणि तिची फी वर्षाला 100 रुपये ठेवली गेली. अर्ज ऑनलाइन असतो, सुविधा केंद्रातून भरता येतो. आजची फी किती ते तिथेच बघा, जास्त पैसे मागणाऱ्या दलालाकडे जाऊ नका. मिळालेला 14 आकडी नंबर पापडाच्या पाकिटावरही येतो आणि गाडीवरही लावायचा असतो.

आता जागा. यात एक बारीक गोष्ट आहे. पथविक्रेत्यांना संरक्षण देणारा कायदा 2014 साली झाला, पण तो शहराच्या हद्दीत लागू आहे. ग्रामपंचायतीच्या हद्दीत रस्त्याकडेला बसायचे तर ग्रामपंचायतीची आणि रस्ता ज्या खात्याचा त्याची परवानगी लागते. म्हणून आपली जागा हद्दीच्या अलीकडे की पलीकडे, हे आधी विचारा.

शहराच्या हद्दीत बसणाऱ्या बाईला या कायद्याने बरेच दिले आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असतात आणि त्यांतल्या एकतृतीयांश महिला असाव्या लागतात. विक्रेत्यांचे सर्वेक्षण दर पाच वर्षांतून एकदा तरी व्हायला हवे, आणि ते होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत आधीपासून बसणाऱ्यांना उठवता येत नाही. प्रमाणपत्र असलेल्याला हलवायचे असेल तर 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. प्रमाणपत्र गटाच्या नावाने नाही, एका व्यक्तीच्या नावाने मिळते. दुसरे उपजीविकेचे साधन नाही असे लिहून द्यावे लागते आणि जागा भाड्याने देता येत नाही. त्यामुळे नाव कुणाचे घालायचे हे गटात मोकळेपणाने ठरवा. खोटे लिहून देऊ नका.

आमच्या शेजारच्या गटातल्या दोघींची गाडी एकदा उचलून नेली. ठेचा, पीठ, भांडी, सगळेच गेले, हातात कागद नाही. दोघी दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेल्या आणि जप्तीची यादी मागितली. कायदा सांगतो की जप्त मालाची सही केलेली यादी द्यावी लागते. नाशवंत माल असेल तर मागणी केल्याच्या दिवशीच आणि इतर माल दोन कामाच्या दिवसांत ठरलेली फी भरून परत मिळायला हवा. भांडी मिळाली. पीठ मात्र भिजून गेले होते.

हे आज सांगायचे कारण म्हणजे 2027 चा सिंहस्थ. बारा वर्षांतून एकदा येणाऱ्या या मेळ्यासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरचे रस्ते रुंद होत आहेत. रस्ता रुंद झाला की आधी हलते ती कडेची गाडी. लाखो लोक जेवायला येणार, आणि जेवण घालणाऱ्या बायांना मात्र जागा नाही, असे होऊ द्यायचे नसेल तर मागणी आताच लेखी द्यायला हवी.

भांडवलासाठी 2020 पासून पंतप्रधान स्वनिधी योजना आहे. 2025 मध्ये तिच्यातल्या पहिल्या कर्जाची मर्यादा 10,000 वरून 15,000 रुपये झाली. शहरालगतच्या गावातून येऊन शहरात विकणाऱ्या बाईलाही महापालिकेचे शिफारसपत्र घेऊन अर्ज करता येतो.

आधीही बायांनी हे केले आहे

मुंबईत गिरण्या जोरात होत्या तेव्हा गावाकडून एकटे आलेले कामगार खानावळीत जेवायचे. त्या खानावळी घरच्या घरी बायाच चालवायच्या. महिनाभर उधारीवर जेवण घालायचे आणि किराण्यासाठी सावकाराचे व्याज भरायचे. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. एकमेकींना जामीन राहणे हाच त्यांचा आधार. पुढे 1982 चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, जेवणारा कामगारच कमी झाला. मंडळाने मग जेवण पुरवण्याची मोठी कामे घेतली.

यातून दोन गोष्टी दिसतात. एकटी खानावळवाली सावकाराच्या हातात होती, मंडळातली बँकेच्या दारात उभी राहू शकली. आणि शहराचे गिऱ्हाईक बदलते, तेव्हा एकाच गिऱ्हाइकावर धंदा उभा करायचा नाही. आज रविवारची मिसळ चालते म्हणून सोमवार ते शनिवारचे डबे सोडू नका. सातपूर-अंबडच्या कामगाराला आणि शिकायला आलेल्या मुलांना रोज जेवायचेच आहे.

पुढच्या बैठकीत काय करायचे

चार कामे लिहून घ्या. गटातल्या कोण कुठे हॉटेलात काम करते, रोज किती आणि तास किती, याची यादी करा. रोज ठरवायला एकटी गेली तर मालक ऐकत नाही, आठ जणी गेल्या तर धुराड्याचेही बोलता येते. दुसरे, आपल्या एका पदार्थाचा खर्च मजुरी धरून काढा. तिसरे, अन्न नोंदणीचा अर्ज भरा. चौथे, शहरात विकणाऱ्या सदस्येचे नाव सर्वेक्षणात आहे का ते महापालिकेच्या विभागीय कार्यालयात विचारा, आणि दिलेल्या अर्जाची पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिला नाही असेच समजतात.

हॉटेलांशी आपले भांडण नाही. शहराने बाहेर जेवावे, खूप जेवावे. आमचे म्हणणे एवढेच की या शहराच्या प्रत्येक रस्त्यावर एक तरी गल्ला असा असावा, ज्याची चावी गटातल्या बाईच्या कमरेला आहे. तुमच्या गटाने हिशेब काढला की आम्हाला कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू.