वाघाने काढलेला नकाशा

आमचे अब्बा शिंपीकाम करायचे. कापडाला कात्री लावण्याआधी खडूने खुणा करायचे आणि म्हणायचे, "खूण चुकली की शिवण चुकते." जंगलांच्या नकाशांविषयी वाचू लागलो, तेव्हा त्यांचं हे वाक्य हटकून आठवलं.

शाळेच्या नकाशात जंगल म्हणजे एक हिरवा ठिपका. ठिपका संपला की वाघही संपला, अशी आपली समजूत. ती एका वाघानेच खोटी ठरवली.

यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात २०१९ च्या फेब्रुवारीत एका तरुण वाघाच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातली गेली. या पट्ट्यातलं जीपीएस यंत्र उपग्रहांच्या संकेतांवरून वाघाची जागा टिपतं. पावसाळ्याच्या तोंडावर वाघ निघाला. महाराष्ट्र आणि तेलंगणातले सात जिल्हे पालथे घालत, सुमारे नऊ महिन्यांत ३,००० किलोमीटरांहून अधिक चालला. अखेर बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात थांबला. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'वॉकर'. २०२० च्या एप्रिलमध्ये कॉलर काढली, तोवर त्याच्या ५,००० हून अधिक जागांची नोंद झाली होती.

आता हे ठिपके वाचायचे कसे? त्यासाठी जीआयएस, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली असते. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत, तशी ही रीत. एका कागदावर जंगल, दुसऱ्यावर नद्या-नाले, तिसऱ्यावर रस्ते, चौथ्यावर गावं. सगळ्यांवर वाघाचे ठिपके ठेवले, की त्याची वाट दिसू लागते.

वॉकरची वाट शेतांमधून, पाण्यातून, महामार्ग ओलांडून गेली होती. तो बहुधा रात्री चालला. कपाशीच्या उंच पिकाने त्याला आडोसा दिला. त्याला जवळून पाहायला झुडपात शिरलेला एक माणूस तेवढा जखमी झाला. म्हणजे दोन जंगलांना जोडणारी शिवण आपल्याच शिवारातून जाते.

मात्र आकाशातून सगळंच दिसत नाही. उपग्रहाला सागाची लागवड हिरवी, फळबाग हिरवी आणि जंगलात माजलेली घाणेरीही हिरवीच. हरणांना तिथे चारा आहे का, हे पायी फिरणारा वनरक्षकच सांगू शकतो. म्हणून चांगला नकाशा उपग्रह आणि पाय, दोघं मिळून काढतात.

असा नकाशा असला, की उपायांचा हिशेबही मागता येतो. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर महाराष्ट्राच्या हद्दीत जनावरांसाठी रस्त्याखालून ९ मार्ग ठेवले आहेत. जनावरं ते वापरतात का, हे पाहायला तिथे कॅमेरे लावले. छायाचित्रांत वाघही आले. खर्च वाया गेला नव्हता.

एक गोष्ट मात्र या नकाशांत अजून नीट उमटत नाही. वॉकर वाटेत रानडुकरं खात होता, तशी गुरंही खात होता. ज्याची गाय गेली, त्या शेतकऱ्याला भरपाई वेळेत मिळाली का, याचाही एक कागद त्या थप्पीत हवा. वाट त्याच्या बांधावरून जाते. ती उद्या मोकळी ठेवायची की नाही, हे त्याच्याही हातात आहे.