शंभर किलो कोष, ऐंशी किलो किडे

रामनगरच्या बाजारात भाव होतो तो धाग्याचा. गाडीतून जातो मात्र किडा. महाराष्ट्रातले रेशीम शेतकरी वर्षानुवर्षं कर्नाटकातल्या या बाजाराला कोष नेत आले, आणि सातारा-सांगलीकडच्या तुतीवाल्यांनाही ती वाट पाठ आहे. ताज्या कोषाच्या दर १०० किलोंत रेशमाचं कवच जेमतेम २०-२२ किलो भरतं. बाकीचं वजन आतल्या प्युपाचं, म्हणजे कोषात गेलेल्या अळीचं. भाडं शंभर किलोंचं द्यायचं आणि साडी होणार ती विसातून.

हा प्युपा वाळवला की निम्मा प्रथिनं असतो आणि चतुर्थांशाहून जास्त तेल. कुत्र्याच्या तयार खाण्याच्या पिशवीवर प्रथिनांचा आकडा बहुधा वीस-पंचवीस टक्क्यांच्या घरात असतो. म्हणजे जगभर ज्याला भविष्याचं प्रथिन म्हणून मिरवतात, ते आपल्या शेडमधून कधीचं पैदा होतंय.

शेडचा हिशेब बघण्यासारखा आहे. एका अंडीपुंजात चार-पाचशे अंडी. एकरभर तुतीवर वर्षाच्या चार-पाच बॅच मिळून हजारेक अंडीपुंज निघतात, म्हणजे चार लाखांवर तोंडं. अंड्यातून निघालेली अळी अर्ध्या मिलिग्रॅमची. पंचवीस दिवसांत ती चार-पाच ग्रॅमची होते, जवळजवळ दहा हजार पट. आयुष्यभराच्या पाल्यातला ८० टक्क्यांहून जास्त पाला ती शेवटच्या आठवड्यात फस्त करते. त्या दिवसांत घरातलं लग्नकार्यसुद्धा पुढे ढकलावं लागतं. पहाटे फांद्या तोडायच्या, रॅकवर अंथरायच्या; दुपारी पाहावं तर पानांच्या नुसत्या शिरा. शेडमध्ये दोन मिनिटं गप्प उभं राहिलं तर चर्वण कानावर येतं. एक अळी पंचवीसेक ग्रॅम पाला खाते. ऐकायला किरकोळ, पण चार लाखांनी गुणलं की वर्षाला दहा टन.

या दहा टनांतून कोष निघतात ६००-६५० किलो. त्यात प्युपा ५०० किलो, वाळवून सव्वाशे, आणि त्यातली निव्वळ प्रथिनं साठ-बासष्ट किलो. वीस किलोच्या कुत्र्याला रोज साधारण ४५ ग्रॅम प्रथिनं लागतात, वर्षाला सोळाएक किलो. म्हणजे चार लाख किड्यांवर कुत्री पोसली जाणार चार. लाखांचे आकडे ऐकून डोळे विस्फारतात खरे, पण किड्यांच्या बाबतीत मोजदाद दिपवते आणि वजन जमिनीवर आणतं.

मात्र एकर सोडून देश धरला तर हेच वजन उलटतं. २०२३-२४ मध्ये भारतात तुतीचं कच्चं रेशीम निघालं २९,८९२ टन. एक किलो कच्च्या रेशमामागे दीड-दोन किलो सुका प्युपा धरला तर ४५ ते ६० हजार टन होतो. त्यातली प्रथिनं वीस किलोच्या १४ ते १८ लाख कुत्र्यांना वर्षभर पुरतील. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रातली भटकी कुत्री भरली १२ लाख ७६ हजार. ती सगळी पोटभर जेवूनही प्युपा उरेल. अडचण अशी की कुत्र्याला मालक नसेल तर त्याच्या पिशवीचं बिल कोण भरणार!

हा माल फुकट जात नाही, हेही सांगायला हवं. रीलिंगवाला कोष गरम पाण्यात शिजवून धाग्याचं टोक उचलतो. धागा संपला की तळाशी सुरकुतलेला तपकिरी प्युपा राहतो. तो माशांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात जातो. आसामात तर एरी रेशमाचा प्युपा माणसंच आवडीनं खातात. पण तेल भरपूर असल्यामुळे ओला प्युपा पटकन खवट होतो, आणि त्याच्या वासाची कीर्ती रीलिंगच्या गावांत सर्वांना ठाऊक आहे. बेंगळुरूच्या लूपवर्म कंपनीनं २०१९ पासून याच किड्यांवर उद्योग उभारला.

एवढा खटाटोप का, तर पाळीव प्राण्यांचं ताट मोठं झालंय म्हणून. एडिनबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये हिशेब मांडला: जगातल्या कुत्र्या-मांजरांच्या नुसत्या कोरड्या खाद्यासाठी ४.१ ते ५.८ कोटी हेक्टर शेतजमीन लागते. सातारा आणि सांगली मिळून साधारण १९ लाख हेक्टर. म्हणजे महाबळेश्वरच्या कड्यांपासून जतच्या माळापर्यंतचा सगळा मुलूख, डोंगर, धरणं, गावं धरून, एकवीस ते तीस वेळा ओळीनं मांडायचा, तेव्हा कुठे जगातल्या वाट्या भरतात.

मग किड्यांची खरी श्रीमंती कुठे? या दोन जिल्ह्यांत ती उसाखाली आहे. हुमणीनं नाडलेल्या फडात चौरस मीटरला पाच अळ्या आणि अळी दोन ग्रॅमची धरली, तर एकरात वीस हजार अळ्या, म्हणजे ४० किलो. मुळं कुरतडत जमिनीखाली एक अख्खा बोकड चरतोय म्हणा ना. वळवाचा पाऊस पडला की हुमणीचे भुंगेरे सांजवेळी कडुनिंब-बाभळीवर जमतात. मग बॅटऱ्या घेऊन फांद्या हलवायच्या, खाली पडलेले वेचायचे आणि रॉकेलच्या पाण्यात बुडवायचे. मादी पन्नास-साठ अंडी घालते, त्यामुळे वेळेवर वेचलेली एकेक मादी मोलाची. हा सगळा माल कुत्र्याला घालता येईल का? रॉकेलमधला नाहीच, आणि ज्या जमिनीत कीडनाशक ओतलंय तिथली अळीही नाही. नांगरामागे येणारे बगळे-कावळे ती खातात, पण ते पिशवीवर घटक छापत नाहीत.

म्हणून जगानं पाळायला किडा निवडला तो दुसराच, ब्लॅक सोल्जर फ्लाय. ही माशी मोठी झाल्यावर जवळपास काही खातच नाही. सगळी भूक अळीपणीच भागवून घेते. हिच्या एका ग्रॅम अंड्यांत चाळीसेक हजार अंडी मावतात. दोन-तीन आठवड्यांत त्यातून चार-साडेचार किलो अळ्या होतात, त्या २५-३० किलो ओल्या कचऱ्यावर. युरोपात या अळ्या घातलेलं कुत्र्याचं खाद्य दुकानात मिळतं, आणि अमेरिकेत प्रौढ कुत्र्यांच्या खाद्यासाठी ही अळी २०२१ मध्ये मान्य झाली.

पण अळीला घालायचं काय, इथे अनेकांचं गणित चुकतं. कोंबडीला चालणारा मका-सोया तिला घातला तर जमीन वाचली कुठे? आपण फक्त मध्ये एक किडा बसवला. फ्रान्सच्या इन्सेक्ट कंपनीनं, तिचा किडा मीलवर्म, कोट्यवधी डॉलर उभे करून अवाढव्य कारखाना बांधला आणि २०२४ मध्ये तिला कोर्टाचं संरक्षण मागावं लागलं. माझ्या मते रेशमाचा प्युपा इथेच बाजी मारतो: त्याच्या पाल्याचा खर्च धाग्यानं आधीच उचललेला असतो.

सोल्जर फ्लायला ती सोय नाही. मंडईतला भाजीपाला, हॉटेलांचं खरकटं, तासगावकडची खराब द्राक्षं (फवारणीचा अंश तपासूनच) असं काही जमवावं लागेल. एक टन प्रथिनं काढायची तर पाच कोटी जिवंत अळ्या आणि ४५-५० टन ओला कचरा हवा. एवढ्यावर वीस किलोची साठेक कुत्री वर्षभर जेवतील. कचऱ्यात बहुतेक पाणीच, तेव्हा तो लांब नेणं परवडत नाही. मिरजेचा माल मिरजेतच अळीला घालावा लागणार. अळीतही दोन तृतीयांश पाणी. साडेसात टन अळ्यांतून पाच टन पाणी उडवायचं, तेव्हा अडीच टन सुका माल हाती येतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात हे जमेलही. जून ते सप्टेंबर पाटण-कोयनेकडे ऊन कुठून आणणार? बॉयलर लागेल, बॉयलरला जळण लागेल. या भागातलं स्वस्त जळण म्हणजे उसाचा बगॅस, आणि त्यावर साखर कारखाने आधीच वीज करून विकतात.