दहा अवतारांचा डाव

फावला वेळ हा शब्द कानी पडताच मुलांचे चेहरे उजळतात आणि वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते. अद्भुत कथेच्या पुस्तकात डोके खुपसून बसलेल्या मुलाला आणि पट मांडून तासन् तास विचार करीत बसलेल्या मुलाला घरोघरी एकच बोल ऐकावा लागतो : "वेळ फुकट दवडू नकोस." हा आरोप सर्वस्वी खोटा आहे असे नाही. परंतु तो सर्वस्वी खरा आहे काय, याचा शांतपणे विचार केला पाहिजे. आणि त्यासाठी पार्से गाव सोडून फार दूर जाण्याचेही कारण नाही.

आपल्या पेडणे महालात जत्रेच्या रात्री दशावतार होतो. गणपतीचे स्तवन होते, सरस्वती येते, आणि मग काळ्या वेषातला संकासुर प्रेक्षकांत खळबळ उडवून देतो. त्याने चोरलेले वेद विष्णूने परत मिळवल्यावर मुख्य आख्यानास आरंभ होतो. त्यात राक्षस असतात, शाप असतात, अंतर्धान पावणाऱ्या देवता असतात. नटांपाशी लिहिलेली संहिता नसते; संवाद ते उभ्या उभ्या रचतात. दिवसभर शेतात राबलेला माणूस हे सारे पहाटेपर्यंत पाहतो व दहिकाला घेऊन घरी जातो. त्या माणसाला आळशी म्हणण्याचे धाडस कोणी करील काय? अद्भुताची ओढ ही रिकामटेकड्यांची खोड नसून कष्टकऱ्यांच्या मनाची भूक आहे.

मराठी कादंबरीचे बालपणही याच भुकेवर पोसले गेले. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ साली प्रसिद्ध झाली, व १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' आली. या कादंबऱ्यांना पुढे 'अद्भुतरम्य' हे नाव मिळाले. रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत त्याचे कारणही सांगून ठेवले आहे. आपल्या लोकांचे रोजचे जीवन इतके ठरीव चाकोरीचे आहे, की तेवढेच लिहिल्यास वाचकाला त्यात गोडी वाटणार नाही, अशा आशयाचे ते म्हणणे होते. पुढे हरि नारायण आपटे यांनी त्याच रोजच्या जीवनातून थोर कादंबऱ्या निर्माण केल्या, तेव्हा रिसबुडांचे म्हणणे पुरतेपणी टिकले नाही हे खरे. तथापि अद्भुताची गोडी म्हणून आटली नाही. जे नाही ते डोळ्यांसमोर उभे करण्याची शक्ती या वाचनानेच वाढते.

आता खेळाकडे वळू. अद्भुत कथा आणि बुद्धीची कसोटी ही दोन्ही एकाच डबीत घालून ठेवणारा एक खेळ आपल्या शेजारी सावंतवाडीस आहे. १७८८ साली पोर्तुगिजांकडे जाण्यापूर्वी पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांच्या अंमलाखाली होता, तेव्हा हा शेजार जुन्या घरोब्याचाच म्हटला पाहिजे. या खेळाचे नाव दशावतारी गंजिफा.

गंजिफा म्हणजे वाटोळे पत्ते. कागदाच्या थरांना चिंचोक्याची खळ लावून ते घट्ट करतात, त्यांवर हाताने चित्रे काढतात व वर लाखेचा लेप देतात. बाबराने १५२७ साली आपल्या एका स्नेह्याकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या दरबारातील गंजिफांचे वर्णन 'ऐने-अकबरी'त सापडते. त्यात बारा रंग व १४४ पाने होती. आपल्या लोकांनी या परक्या खेळात दहा अवतार आणून बसविले आणि तो आपलासा केला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने. मिळून १२० पाने झाली. मत्स्याच्या रंगावर मासे, कूर्माच्या रंगावर कासवे, परशुरामाच्या रंगावर परशू अशी चिन्हे असतात.

खेळणारे तिघे. प्रत्येकाच्या वाट्यास चाळीस पाने येतात. दिवसा राम ज्याच्या हाती असेल त्याने आणि रात्री कृष्ण ज्याच्या हाती असेल त्याने डाव सुरू करावा, अशी रीत आहे. उतरलेल्या रंगाचे सर्वांत मोठे पान ज्याचे, त्याचा हात होतो. दुसऱ्या रंगाने कापण्याची सोय येथे नाही. ऐकावयास हे सोपे वाटते; खरी अडचण पुढेच आहे. पाच रंगांत राजा व प्रधान यांच्यामागून दहा हे मोठे पान, तर उरलेल्या पाच रंगांत त्याच जागी एक हे मोठे पान! शिवाय आपल्या हातातील चाळीस पाने सोडली तर बाकीची ऐंशी दृष्टीआड असतात. त्यांतील कोणती पडून गेली, कोणती शिल्लक आहेत, आणि आता कोणत्या रंगात आपले पान सर्वश्रेष्ठ ठरले, याचा हिशेब मनातच ठेवावा लागतो. क्षणभर लक्ष चळले की डाव गेलाच. पाढे पाठ करताना कंटाळणारा मुलगा हा हिशेब आनंदाने करतो, कारण येथे स्मरणशक्तीला कोणी राबवीत नाही. ती आपण होऊन धावते.

खेदाची गोष्ट ही, की छापील स्वस्त पत्ते आले आणि हा खेळ मागे पडला. सावंतवाडीतील ही कला मावळण्याच्या बेतात असता, विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना आश्रय देऊन ती वाचविली. आज तेथे सुंदर गंजिफा मिळतात. परंतु त्या विकत घेणारे पुष्कळ जण त्यांना भिंतीवर टांगतात किंवा कपाटात ठेवतात. कला वाचली, पण डाव मांडणारे हात विरळच राहिले. खेळ काचेआड जपता येत नाही. तो खेळला तरच जगतो.

येथेच मूळ प्रश्नाचे उत्तर मिळते. फावल्या वेळात काय करावे, यापेक्षा त्या वेळी आपले मन कामाला लागते की नुसते वाहत जाते, हे पाहावे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बोट सरकवीत घालविलेली संध्याकाळ दुसऱ्या दिवशी आठवतही नाही. चांगली अद्भुत कथा मात्र पुस्तक मिटल्यावरही मनात चालू राहते, आणि अवघड डाव हरल्यावरही 'ते पान आधी उतरावयास हवे होते' हा विचार निजू देत नाही. ज्या करमणुकीने आपल्याकडून काही मागून घेतले, तिनेच आपल्याला काही दिले असे समजावे. अर्थात दुसऱ्या दिवसाचा पाठ बुडवून मांडलेला डाव हा फावल्या वेळचा डाव नव्हे, हेही विसरू नये.

विद्यार्थी मित्रहो, येत्या मे महिन्याच्या सुट्टीत एक उद्योग करून पाहा. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची १२० वाटोळी पाने कापा. मासा, कासव, परशू, तलवार अशी दहा अवतारांची दहा चिन्हे त्यांवर रंगवा. घरातील आजी-आजोबांना प्रत्येक अवताराची कथा विचारा, आणि दोन सवंगडी जमवून ओसरीवर बसा. भर दुपार असेल, तेव्हा पहिले पान अर्थातच रामाचे!