कार्यालयाचे स्थलांतर : नियोजन आणि व्यवस्था



अहवाल वर्षात विश्वस्त मंडळाच्या ठरावानुसार, शिरूरच्या बाजारपेठेत भाड्याच्या जागेत असलेले संस्थेचे मुख्य कार्यालय आणि दौंड येथील लेखा विभाग या दोहोंचे रुग्णालयाच्या आवारातील स्वतःच्या जागेत एकत्रीकरण करण्यात आले. ठराव जाहीर झाल्यापासून आम्हाला दोन प्रश्न वारंवार विचारले गेले. रुग्णसेवेसाठी दिलेला पैसा टेबले-कपाटे हलविण्यात गेला काय, असे देणगीदारांनी विचारले. सवलतीच्या कागदांसाठी आता शिरूरला खेटे घालावे लागणार काय, असे दौंड परिसरातील नातेवाइकांनी विचारले. दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आहे. परंतु केवळ 'नाही' म्हणून भागणार नाही. हे काम कोणत्या विचाराने व कोणत्या क्रमाने केले, ते येथे मांडणे आम्हास आवश्यक वाटते.

जागा आणि कारभार

कार्यालय हलते तेव्हा दोन गोष्टी बदलू शकतात : बसण्याची जागा आणि कारभाराची वाट. आपल्या भागातील दोन उदाहरणांवरून हा फरक ध्यानी येईल. १ एप्रिल २०२४ पासून दौंड रेल्वे स्थानक सोलापूर विभागातून पुणे विभागात आले. स्थानक होते तेथेच राहिले, रूळही हलले नाहीत. परंतु तेथील कामकाजाचे वरिष्ठ कार्यालय बदलले. याउलट, पुणे मेट्रोच्या भुयारी स्थानकाच्या कामासाठी शिवाजीनगरचे एस.टी. स्थानक २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडी येथे नेण्यात आले. तेथे कारभार तोच राहिला, जागा मात्र बदलली. नगर रस्त्याने ये-जा करणाऱ्या शिरूरकरांना नव्या थांब्याची सवय होण्यास काही काळ जावा लागला.

आमच्या बाबतीत दोन्ही बदल एकाच वेळी होणार होते. म्हणून सामान कसे न्यावे याचा विचार नंतर केला. ज्याचे काम या कार्यालयात पडते तो माणूस उद्या कोठे जाईल आणि त्याला कोण भेटेल, हे आधी ठरविले.

काय हलवावयाचे नाही

नियोजनाच्या पहिल्या बैठकीत आम्ही न हलविण्याच्या गोष्टींची यादी केली. रुग्णालयातील अनेक परवाने संस्थेबरोबरच जागेशीही बांधलेले असतात. औषध दुकानाचा परवाना विशिष्ट जागेसाठी दिलेला असतो. दुकान दुसऱ्या जागी न्यावयाचे झाल्यास तेथे नवा परवाना घ्यावा लागतो. सोनोग्राफी यंत्राची जागा बदलावयाची असल्यास गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याच्या नियमांनुसार समुचित प्राधिकाऱ्यास किमान ३० दिवस आधी कळवावे लागते. कार्यालयासाठी जागा मोकळी करताना 'हे यंत्र जरा पलीकडच्या खोलीत सरकवू' असे म्हणणे सोपे असते. पण असे सरकविणे कायद्याने गुन्हा ठरू शकते. त्यामुळे औषध दुकान, सोनोग्राफी आणि क्ष-किरण विभाग यांना या योजनेत हातच लावला नाही.

याच यादीत दौंड येथील सवलत खिडकी होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने लागू झालेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. त्यासाठी एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी' या स्वतंत्र खात्यात जमा करावी लागते. हा लाभ मिळण्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका यांसारखे कागद दाखवावे लागतात. दौंड तालुक्यातील कुटुंबाला चौफुला, केडगाव, पारगाव, न्हावरा असा भीमा ओलांडून प्रवास करून केवळ कागद दाखविण्यासाठी शिरूरला यावयाचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते, शिवाय रुग्णाजवळ कोणी राहत नाही. सबब लेखा विभाग शिरूरला आला, तरी ही खिडकी दौंडलाच ठेवली आहे. तेथे मूळ कागद पाहून लगेच परत दिले जातात, त्यांच्या प्रती शिरूरला पाठविल्या जातात आणि निर्णयही तेथेच कळविला जातो. तातडीच्या रुग्णाला कागदांसाठी थांबविता येत नाही, ही या योजनेतील तरतूद दोन्ही ठिकाणी ठळक अक्षरांत लावली आहे.

या आग्रहामागे एक जुना अनुभव आहे, तो सांगण्यास संकोच वाटतो. पूर्वी एकदा आमच्याच कार्यालयातील दप्तर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलविले, तेव्हा सवलतीच्या अर्जांची एक संचिका खरेदीच्या बिलांच्या गठ्ठ्यात बांधली गेली. भीमाकाठच्या गावातून आलेल्या एका मातेला त्यापायी दोनदा परत जावे लागले. अंतर एका भिंतीचे होते, खेटे मात्र त्या माउलीला पडले. दोष सर्वस्वी आमचा होता.

जावक आणि आवक

वाणिज्य शाखेत पहिल्याच वर्षी शिकविले जाते की प्रत्येक नावे नोंदीला जमा नोंद असली पाहिजे. स्थलांतराचा सारा हिशेब आम्ही याच नियमावर बसविला. प्रत्येक गठ्ठ्याला क्रमांक दिला. त्यातील संचिकांची यादी दोन प्रतींत केली; एक प्रत गठ्ठ्यात, दुसरी विभागप्रमुखांकडे. जुन्या जागेतून गठ्ठा निघताना एकाने जावक नोंद करून सही केली, नव्या जागेत दुसऱ्याने गठ्ठा सोडून, यादी ताडून आवक नोंद केली. दोन्ही सह्या एकाच व्यक्तीच्या नसाव्यात, असा दंडक ठेवला. जावक नोंदीला आवक नोंद मिळेपर्यंत जुनी खोली रिकामी झाली असे समजावयाचे नाही, हेही ठरले.

हा काटेकोरपणा रुग्णाच्या हक्कासाठी आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जतन करावयाची असतात आणि रुग्णाने वा त्याच्या अधिकृत व्यक्तीने मागणी केल्यास ७२ तासांत पुरवावयाची असतात. 'कार्यालय हलत आहे, पुढच्या आठवड्यात या' हे उत्तर त्यात बसत नाही. म्हणून आधी जुने दप्तर, मग मागील वर्षांचे हिशेब आणि सर्वांत शेवटी चालू कागद, असा क्रम लावला. दाखल असलेल्या रुग्णांच्या व प्रलंबित सवलतींच्या संचिका टेम्पोत घातल्याच नाहीत. त्या संबंधित लिपिकांनी स्वतः हातात आणल्या. पोलीस वा न्यायालयाशी संबंधित प्रकरणांचे कागद कुलूपबंद पेटीत वेगळे आणले.

मुहूर्त निवडणे सोपे नव्हते. मार्चअखेरचे हिशेब संपण्यापूर्वी दप्तर हलविता येत नाही आणि पावसाळा सुरू झाल्यावर कागद उघड्यावर आणता येत नाहीत. उरतात एप्रिल आणि मे. त्यातच २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून देणग्यांचे वार्षिक विवरण ३१ मेपर्यंत आयकर विभागाकडे देण्याची पद्धत सुरू झाली. त्यावरच देणगीदारांचे करसवलतीचे प्रमाणपत्र अवलंबून असते. म्हणून आधी विवरण सादर केले, संगणकातील सर्व नोंदींच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवल्या आणि मगच देणगी विभागाचे संगणक हलविले.

प्रती वेगळ्या ठिकाणी का, याचे उत्तर मुंबईतील मंत्रालयाने दिले आहे. २१ जून २०१२ रोजी तेथे लागलेल्या आगीत मनुष्यहानी झाली, वरचे मजले जळाले आणि असंख्य कागद भस्मसात झाले. अनेक विभागांना ध्यानीमनी नसताना दुसऱ्या इमारतींत जावे लागले. काही विभागांची सोय गोकुळदास तेजपाल रुग्णालयाच्या आवारातील इमारतीत झाली. ते स्थलांतर कोणी योजलेले नव्हते. आम्हाला योजना करण्यास उसंत मिळाली होती. तिचा उपयोग न करणे अक्षम्य ठरले असते.

पत्ता आणि माणसे

सार्वजनिक न्यासाच्या नोंदवहीतील तपशिलात बदल झाल्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाकडे बदल अर्ज सादर करावा लागतो. त्यानुसार कार्यवाही केली. बँका, आयकर विभाग, भविष्य निर्वाह निधी कार्यालय, वीज व दूरध्वनी कंपन्या आणि पुरवठादार यांची यादी करून प्रत्येकास लेखी कळविले व पोच घेतली. जुन्या पत्त्यावरील टपाल नव्या पत्त्यावर पाठविण्याची विनंती डाकघरास केली. दूरध्वनी क्रमांक तोच ठेवला, कारण अनेक घरांत तो भिंतीवर लिहिलेला असतो.

तरीही पाट्या सर्वांनाच वाचता येतात असे नाही. त्यामुळे जुन्या जागेच्या दारात काही काळ आमचे एक शिपाई बसवून ठेवले. येणाऱ्याला वाट सांगणे आणि चालता न येणाऱ्यासाठी रुग्णालयातून वाहन मागविणे, एवढेच त्यांचे काम होते. ते त्यांनी मनापासून केले, याचा उल्लेख करताना समाधान वाटते.

दौंडच्या लेखा विभागातील सहकाऱ्यांचा प्रश्न नाजूक होता. ज्यांचे घर, मुलांची शाळा आणि वृद्ध आईवडील दौंडला, त्यांना रोज शिरूर गाठण्यास सांगणे न्याय्य नव्हते. प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलून, ज्यांना शक्य नव्हते त्यांना सवलत खिडकी व तेथील देणगी स्वीकृतीचे काम दिले. ठरावाआधीच त्यांच्याशी बोलावयास हवे होते, हे आम्ही मान्य करतो.

खर्च कोठून झाला

आता देणगीदारांच्या प्रश्नाकडे वळतो. कायम निधी, विशिष्ट हेतूसाठी आलेल्या देणग्या आणि निर्धन रुग्ण निधी यांतील एकही रुपया या कामी वापरलेला नाही. सर्व खर्च प्रशासकीय खर्चाच्या शीर्षाखाली, दरपत्रके मागवून करण्यात आला. जुनी टेबले व कपाटे दुरुस्त करून वापरली. वाचणाऱ्या भाड्यातून प्रथम हा खर्च भरून निघेल. त्यानंतरची बचत रुग्णसेवेकडे वळविण्याचा मंडळाचा निर्णय आहे.

एका खर्चाबाबत मात्र स्पष्टीकरण देणे आमचे कर्तव्य आहे. शेवटच्या दिवशी दोन गठ्ठ्यांच्या जावक-आवक नोंदी जुळेनात. ते सापडेपर्यंत जुनी खोली मालकांच्या ताब्यात दिली नाही व तेवढ्या दिवसांचे जादा भाडे भरले. गठ्ठे नव्या जागेतच एका कपाटामागे निघाले. हे भाडे वायफळ गेले असे कोणास वाटल्यास तो आक्षेप आम्ही नम्रपणे ऐकून घेऊ; परंतु त्यांतील एका गठ्ठ्यात सवलतीचे प्रलंबित अर्ज होते आणि पूर्वीच्या त्या मातेचा अनुभव आम्ही विसरलो नव्हतो.

आपणा सर्वांस विनंती आहे की, जुन्या कार्यालयात दिलेला एखादा अर्ज, पावती वा देयक यांचा खुलासा अद्याप झाला नसल्यास, हाताशी असेल तो कागद घेऊन शिरूर कार्यालयात अथवा दौंड येथील खिडकीवर यावे. कागद नसला तरी यावे. नोंद शोधणे हे आमचे काम आहे.