शेड आमची, पक्षी कंपनीचा!

राजगड-तोरण्याचा ट्रेक झाला, की वेल्ह्यात नाहीतर भोरला चिकन थाळी ठरलेलीच! पण वाटेतल्या त्या लांबलचक पत्र्याच्या पोल्ट्री शेड कुणाच्या जिवावर चालतात?

बऱ्याच ठिकाणी धंदा कराराचा असतो. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची. शेड, कर्ज, लाइटबिल, तूस आणि घरादाराची मेहनत शेतकऱ्याची. साधारण ४० दिवसांत पक्षी दोन किलोंचा होतो आणि कंपनीची गाडी येते.

बाजार पडला तर झळ कंपनीला, हा कराराचा फायदा. पण मोबदला वजनावर ठरतो. मर वाढली, खाद्य जास्त लागलं की कपात. पिल्लू मुळातच अशक्त असलं तरी फटका शेतकऱ्याला. २००६मध्ये नवापुरात बर्ड फ्लू आला, शेडच्या शेड ओस पडल्या. करारात अशी वेळ आली, तर पक्षी कंपनीचा, बँकेचा हप्ता मात्र शेतकऱ्याचाच.

मागणं फार नाही: मराठीत लेखी करार, समोर वजन, रिकाम्या दिवसांचा विचार. तुमच्या घरी शेड असेल, तर करारनामा एकदा नीट वाचाच. सही वडिलांची असली, तरी हप्ते उद्या तुम्हालाच फेडायचेत!