मारिओची मिशी आणि वारशाचा प्रश्न

२०१६ च्या ऑगस्टमध्ये रिओ द जानेरो येथील ऑलिम्पिकच्या समारोपात जपानचे तत्कालीन पंतप्रधान शिंझो आबे लाल टोपी घालून एका हिरव्या नळातून अवतरले, तेव्हा हे सोंग कोणाचे, हे जगाला समजावून सांगावे लागले नाही. पुढील ऑलिम्पिकच्या यजमान राष्ट्राने आपली ओळख म्हणून ज्याला पुढे केले, तो मारिओ मुळात नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रातील एक इवलासा बाहुला होता. चाळीस वर्षांहून अधिक काळ हे पात्र टिकले, याचे श्रेय कोणी निर्मात्याच्या प्रतिभेला देतात, कोणी मालक कंपनीच्या जाहिरातखात्याला. दोन्हींत तथ्य आहे. परंतु या पात्राच्या घडणीचा इतिहास पाहिला, तर खरे श्रेय एका तिसऱ्याच गोष्टीकडे जाते, आणि ती म्हणजे साधनांचे दारिद्र्य.

निन्टेंडो ही १८८९ साली क्योटो शहरात खेळण्याचे पत्ते बनविण्यासाठी स्थापन झालेली कंपनी. तिने अमेरिकेत पाठविलेल्या ‘रडार स्कोप’ नावाच्या खेळयंत्रांपैकी सुमारे दोन हजार यंत्रे न खपता गोदामात पडून राहिली. त्याच यंत्रांत बसविता येईल असा नवा खेळ रचण्याचे काम शिगेरू मियामोतो या तरुणाकडे आले. मियामोतो अभियंते नव्हते; त्यांचे शिक्षण कलाविद्यालयात, औद्योगिक अभिकल्पाचे झाले होते. ‘पॉपाय’ या व्यंगचित्रमालेतील पात्रे वापरण्याचा बेत परवान्याअभावी बारगळला, म्हणून त्यांनी स्वतःची पात्रे निर्माण केली. १९८१ साली आलेल्या या ‘डाँकी काँग’ खेळात एक वानर एका स्त्रीला पळवून नेतो आणि एक सुतार उड्या मारीत तिला सोडवावयास जातो. या सुताराला प्रथम ‘जंपमॅन’ म्हणत. कंपनीच्या अमेरिकेतील गोदामाच्या मालकाचे नाव पुढे त्याला मिळाले आणि तो मारिओ झाला.

त्या यंत्राच्या पडद्यावर ही मूर्ती उभी करण्यास सोळा आडवे आणि सोळा उभे एवढेच ठिपके हाती होते. इतक्या थोड्या ठिपक्यांत ओठ आणि जिवणी रेखाटणे अशक्य. म्हणून मोठे नाक आणि त्याखाली जाड मिशी आली. उडी मारताना केस हलताना दाखविणे कठीण. म्हणून डोक्यावर टोपी आली. हात अंगापासून वेगळे दिसले नाहीत तर चालण्याची हालचाल डोळ्यांना कळत नाही. म्हणून खांद्यावर पट्टे असलेली विजार आणि तिच्या विरोधी रंगाचा सदरा आला. अलंकार म्हणून घातलेले त्यात काहीच नव्हते. प्रत्येक रेषा एखाद्या अडचणीचे उत्तर होती. ही मूर्ती बालकाने काढावी इतकी सोपी आणि दुरूनही ओळखू यावी इतकी ठळक झाली, ती या काटकसरीमुळे.

१९८५ च्या सप्टेंबरमध्ये घरगुती यंत्रासाठी आलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये हीच काटकसर कळसास पोचली. सारा खेळ चाळीस किलोबाइटमध्ये मावला होता. आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडूप यांची आकृती एकच. पांढरी रंगविली की ढग, हिरवी रंगविली की झुडूप. मारिओच्या वाट्याला तीनच रंग आले, त्यामुळे त्याचे केस, मिशी, सदरा आणि जोडे यांना एकाच तपकिरी छटेवर भागवावे लागले. १९८१ साली त्याची विजार लाल आणि सदरा निळा होता. सदरा लाल आणि विजार निळी ही आज परिचित असलेली जोडी १९८८ च्या सुमारास स्थिरावली. रंग बदलले, बाह्याकृती बदलली नाही, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

मारिओच्या चरित्रात सुसंगती शोधू जाणाऱ्याची मात्र निराशाच होते. १९८१ चा सुतार १९८३ साली, खेळ जमिनीखालील नळांच्या जाळ्यात घडतो एवढ्याच कारणाने, नळकारागीर झाला. १९९० साली तो डॉक्टर झाला आणि १९९२ साली छोट्या मोटारींच्या शर्यतीत उतरला. राजकन्येला पळविणारा हाडवैरीही त्या शर्यतीत त्याच्याबरोबर धावतो. स्वतः मियामोतो यांनी या पात्रांची तुलना नाटक मंडळीशी केली आहे: आज नायक, उद्या खलनायक, खेळ बदलला की भूमिका बदलली. तेव्हा या पात्राचे सातत्य त्याच्या कथेत नाही. ते त्याच्या आकृतीत आहे आणि त्याहूनही अधिक त्याच्या उडीत आहे. कळ जितकी दाबून धरावी तितकी उडी उंच जाते आणि अधांतरीही दिशा वळविता येते, हा १९८५ चा अनुभव खेळणाऱ्याच्या बोटांना पुढील खेळांतही ओळखीचा वाटला.

या सातत्याची खरी परीक्षा साधनांची गरिबी संपल्यावर झाली. १९९६ च्या ‘सुपर मारिओ ६४’मध्ये पात्राला तिसरे परिमाण मिळाले. २०१७ च्या ‘सुपर मारिओ ओडिसी’मध्ये तर कापडाची वीण आणि मिशीचा केस न् केस दाखविण्याचे सामर्थ्य हाती होते. त्या खेळातील एका महानगरात सामान्य उंचीची, प्रमाणबद्ध माणसे वावरतात. त्यांच्यात मारिओ मात्र तसाच बुटका आणि तसाच गोलमटोल. त्याला ‘खऱ्या’ माणसासारखा करण्याचा मोह निर्मात्यांनी आवरला. इतकेच नव्हे, तर केस लपविण्यासाठी आलेली ती टोपीच या खेळात त्याची सखी आणि मुख्य आयुध बनली आणि १९८१ साली वानराने पळविलेली स्त्री त्याच नगराची महापौर म्हणून परतली. अडचण म्हणून जे स्वीकारले, ते वारसा म्हणून जपले गेले.

मूर्ती ठळक असण्याचा आणखी एक परिणाम भारतात दिसला. १९९० च्या दशकात दूरचित्रवाणी संचाला जोडावयाची जी स्वस्त नकली यंत्रे शहरांतील बाजारांत आली, त्यांतूनच अनेक मराठी घरांतील मुलांची मारिओशी गाठ पडली. कंपनीचे नाव त्यांना ठाऊक असो वा नसो, टोपी आणि मिशी मात्र ठाऊक झाली.

येथे एक गंभीर प्रश्न उभा राहतो. मिशीचे कारण कळावयाचे तर सोळा ठिपक्यांचा मूळ खेळ पाहावयास मिळाला पाहिजे. मारिओ भाग्यवान, त्याचे जुने खेळ पुनःपुन्हा विकण्यात मालकाचा फायदा आहे. तरीही त्याच्या तीन जुन्या खेळांचा एकत्रित संच ३१ मार्च २०२१ नंतर विक्रीतून काढून घेण्यात आला आणि २०२३ च्या मार्चमध्ये कंपनीने आपल्या दोन जुन्या यंत्रांवरील खेळांची ऑनलाइन विक्री बंद केली. इतरांची स्थिती याहून शोचनीय आहे. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के बाजारात उपलब्ध नसल्याचे ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३ साली दाखवून दिले. असे दुर्मिळ खेळ ग्रंथालयांनी अभ्यासकांना दुरून पाहू द्यावेत, ही मागणी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने अमान्य केली.

निर्मात्याचा आणि मालकाचा हक्क नाकारण्याचे कारण नाही. परंतु छापील पुस्तक बाजारातून गेले तरी ग्रंथालयात वाचावयास मिळते; खेळाच्या नशिबी तीही सोय नसावी, हे न्याय्य नव्हे. मारिओची आकृती टिकली, कारण त्याचे कर्ते आपल्याच पूर्वीच्या कामाकडे वारंवार परतले. उद्याच्या कर्त्यांना असे परतण्यासाठी पूर्वीचे काम शिल्लक असावे लागेल. ते राहील की नाही, हा निर्णय केवळ विक्रीच्या हिशेबावर सोपविणे म्हणजे मिशी ठेवून तिचे कारण विसरण्यासारखे होईल.