मिठाला जागणारा ड्रॅगन!

बायकोचा, नवऱ्याचा किंवा 'अजून घरी सांगितलेलं नाही' अशा कुणाचा वाढदिवस जवळ आलाय? परफ्यूम, घड्याळ, पाकीट सगळं देऊन झालंय? मग यंदा वॉटरकलरमधला ड्रॅगन होऊन जाऊ दे!

चित्रकला कच्ची आहे? नो टेन्शन. घोड्याचा पाय चुकला तर शेंबडं पोरही हसेल. ड्रॅगनचा पाय चुकला, हे सांगणार कोण?

माहीत आहे का, लिओनार्दो दा विंचीने तर ड्रॅगनची रेसिपीच लिहून ठेवलीय! डोळे मांजराचे, कान साळिंदराचे, नाक ग्रेहाउंडचं, भुवया सिंहाच्या, मान कासवाची. थोडक्यात, जुगाड! मांजरांच्या स्केचेसनी भरलेल्या त्याच्या एका कागदावर मध्येच एक ड्रॅगनही घुसलाय. म्याऊ, म्याऊ, फुस्सऽऽ!

पंखांना मॉडेल हवंय? ते आपल्या पश्चिम घाटातच आहे. गोव्याच्या जंगलातही दिसणारा उडता सरडा, शास्त्रीय नाव 'ड्रॅको'. लांबलेल्या बरगड्यांवर ताणलेली कातडी, हेच त्याचे पंख. आग वगैरे ओकत नाही हं, मुंग्या खातो बिचारा.

आता खवले. एकेक काढत बसलात तर पुढचा वाढदिवस उजाडेल. त्यापेक्षा स्वयंपाकघरातून जाडं मीठ पळवा. जाड कागदावर हिरवा-निळा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, मारा. ओल्या रंगाची चकाकी जरा उतरू लागली, की चिमूटभर मीठ भुरभुरा आणि हात मागे! मिठाचे खडे भोवतालचं पाणी ओढतात, रंग सरकतो आणि फिकट चांदण्या उमटतात. खडखडीत वाळल्यावर मीठ झटकलं, की मस्त खरबरीत कातडी तयार. थबथबलेल्या कागदावर टाकलंत तर मात्र मीठही गेलं आणि इफेक्टही. इथे मीठ चवीनुसार नाही, वेळेनुसार!

'हॉबिट'मधला सोन्याच्या ढिगावर लोळणारा स्मॉग ड्रॅगन आठवतोय? माहीत आहे का, टॉल्किनने १९३७मध्ये तो स्वतःच वॉटरकलरमध्ये रंगवला होता. लेखकही तोच, चित्रकारही तोच. मानधन वाचलं!

आणि साइज? चिनी चित्रकार चेन रोंगने १२४४मध्ये शाईने नऊ ड्रॅगन रंगवले, ती गुंडाळी जवळपास १५ मीटर लांब आहे. सध्या मुक्काम बोस्टनच्या म्युझियममध्ये. वन बीएचकेवाल्यांनी ए-फोरवर भागवावं.

शेवटची टिप चीनच्या दंतकथेतली. झांग सेंगयो नावाच्या चित्रकाराने देवळाच्या भिंतीवर चार ड्रॅगन काढले, डोळ्यांत बुबुळं मात्र भरली नाहीत. लोकांनी फारच आग्रह केला, म्हणून त्याने दोघांना बुबुळं दिली. कडाड्‌! भिंत फुटली आणि दोघेही भुर्र. तेव्हा बुबुळं सगळ्यात शेवटी, आणि आधी खिडकी लावून घ्या!